कोंबड्या बारा, रडणं नाही

६ फेब्रुवारी १९३४, मंगळवार. सकाळचे साडेदहा. मोलगीच्या अलीकडे तासाभराच्या वाटेवरचा पाडा.

हजर: मिससाहेब. मी. आमच्या बोर्डिंगातली सहावीतली मुलगी. तिचा बाप. तिची आई (चुलीपाशी, पण कान इकडे). आईच्या कडेवर धाकटी, वय दोन. आमचा गाडीवान, बैलांशिवाय. कोंबड्या बारा, असं बापाचं म्हणणं. मी मोजल्या त्या नऊ.

ही नोंद माझ्या वहीतली, जशीच्या तशी. मुलींच्या बोर्डिंगात मेट्रनचं काम करणाऱ्या बाईला वहीची सवय लागतेच. पन्नास मुली, पन्नास ताटं, शंभर वेण्या, आणि सुटीत घरी गेलेल्यांपैकी परत किती आल्या ते दर वर्षी नव्याने मोजायचं. माझ्या वहीत प्रत्येक कामाला क्रमांक असतो आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण. खूण नसलेलं काम मला चपलेत खडा गेल्यासारखं टोचतं. त्या दिवशी ठरलेलं एक काम आज बारा वर्षं झाली तरी बिनखुणेचं आहे. लिहिल्याने ते होणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

मिससाहेब आमच्या बोर्डिंगच्या मुख्य. अमेरिकेतल्या गव्हाच्या मुलखातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. तिथे गावच्या शाळेत काही वर्षं शिकवून इकडे आल्या आणि पंचवीस वर्षं राहिल्या. त्या मेनोनाइट पंथाच्या. तापीकाठच्या शेतकरी मंडळींना सगळे मिशनवाले सारखेच, त्यामुळे हा शब्द कुणी फारसा वापरत नसे. पण मिससाहेब इतरांपेक्षा वेगळ्या आहेत एवढं सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. रंगीत कपडा नाही. दागिना नाही, घड्याळाची साखळीसुद्धा काळ्या फितीची. डोक्यावर पांढऱ्या जाळीची टोपी. हत्याराला हात लावायचा नाही. बोर्डिंगाच्या आवारात बिबट्या आला तेव्हा त्यांनी डबे वाजवायला सांगितलं होतं. आणि शपथ घ्यायची नाही. एकदा कचेरीत साक्षीला जावं लागलं, तिथे त्यांनी शपथेला नकार दिला. साहेबांनी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "शपथ घेऊन खरं बोलले, तर बाकीच्या वेळी खोटं बोलते असं होईल." साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा साक्षीदार बोलावला.

अशा बाईने गोष्टी लिहाव्यात, तेही मुलांसाठी, हे नवलच. पण लिहीत. सकाळी पाचला उठून, व्हरांड्यात कंदील ठेवून, शाळेच्या वहीत पेन्सिलीने. त्यांच्या बहिणींची मुलं तिकडून पत्रं पाठवीत: तुमच्याकडे बर्फ पडतो का, हत्तीला काय खायला घालता, मुलं शाळेत कशावर बसतात. त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत. उत्तरं लांबली, त्यांची गोष्ट झाली, आणि पंथाच्या छापखान्याने ती रविवारच्या शाळेसाठी पुस्तक म्हणून छापली. तोवर अशी दोन पुस्तकं निघाली होती. एक बोर्डिंगातल्या शेळीचं, एक विहिरीचं. तिकडच्या हजारो मुलांना आमची शेळी तोंडपाठ होती. इकडच्या ज्या मुली त्या गोष्टींत होत्या, त्यांच्यातल्या एकीलाही ती पुस्तकं वाचता येत नव्हती, कारण ती इंग्रजीत. याचं वाईट मिससाहेबांना वाटे. मला वाटत नसे. मुली स्वतःबद्दल काय लिहिलंय ते वाचायला लागल्या तर भाकऱ्या कोण भाजणार, असा माझा विचार असे.

आता मुख्य अडचण. त्यांच्या पंथाला बनवलेल्या गोष्टी चालत नसत. कल्पना करून लिहिलं म्हणजे खोटंच की, असं तिकडच्या वडील मंडळींचं मत. पुस्तक छापायचं की नाही हे ठरवायला पाच जणांची समिती, पाचही शेतकरी. गोष्टीतली प्रत्येक गोष्ट घडलेली पाहिजे, आणि तसं दोन साक्षीदारांनी लिहून द्यायचं. ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापायचं. शेळीच्या पुस्तकात शेळी हरवून तिसऱ्या दिवशी सापडते असं मिससाहेबांनी लिहिलं होतं. मी म्हटलं, दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सापडली, माझ्या वहीत आहे. झालं, अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. समितीचं नंतर पत्र आलं: गोष्ट चांगली आहे, जवळपास वाघ असल्यास कळवावे.

आणि एकदा मिससाहेब चुकून लिहून गेल्या, की वानर कौलांवर बसून आमचा गाण्याचा तास ऐकत होता. वानर येत, कौलं फोडत, पण गाण्याच्या तासाला कधी आला नव्हता. चार दिवस मुलींनी एकच गाणं म्हटलं आणि आम्ही दोघी वर पाहत बसलो. पाचव्या दिवशी आला. दोन कौलं फोडून गेला. मिससाहेबांनी खाली बसून परमेश्वराचे आभार मानले आणि मी कौलं शाकारणारा बोलावला. वहीत दोन्हींना खूण आहे.

तिसरं पुस्तक या सहावीतल्या मुलीचं. ती पावरा, सातपुड्यातली, मोलगीच्या बाजूची. नऊ वर्षांची असताना एका हिवाळ्यात काकाबरोबर खाली आली, शाळा पाहिली आणि परत जाईना. मराठीचा शब्द येत नव्हता. दोन वर्षांत ती इतर मुलींना मराठी लिहून देऊ लागली. माझी यादीची वहीसुद्धा तीच तपासून देई, आणि चूक सापडली की बोलत नसे, नुसतं तिथे बोट ठेवी. तिला सातवीची फायनल द्यायची होती आणि मग मास्तरीण व्हायचं होतं. यात अडचण एवढीच की हे तिच्या बापाला कुणी विचारलं नव्हतं.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण मिससाहेबांनी दिवाळीत लिहिलं. त्यात नाताळाला बाप येतो, मुलगी त्याला वाचून दाखवते, तो बराच वेळ गप्प बसतो, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तो म्हणतो, "शीक." हस्तलिखित फेब्रुवारीच्या बोटीला गाठायचं होतं, म्हणून आधी लिहून ठेवलं. शिवाय त्यांनी त्यासाठी रोज प्रार्थना केली होती, आणि त्यांच्या हिशेबी प्रार्थना केलेली गोष्ट जवळजवळ झाल्यासारखीच.

नाताळाला बाप आला नाही. काका आला. त्याने निरोप सांगितला: होळीआधीचा भोंगऱ्या बाजार झाला की, होळीला, मुलीला घरी न्यायचं, मागणी आली आहे.

मुलीने निरोप ऐकला आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, सातवीचा भूगोल होळीच्या आधी पूर्ण होतो का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग मी पहाटे उठून करते." तिचा समज, सगळी पुस्तकं वाचून झाली की परीक्षा झाल्यातच जमा. पहाटे मिससाहेब व्हरांड्याच्या एका टोकाला तिच्यावरची गोष्ट लिहीत, दुसऱ्या टोकाला ती भूगोल वाची.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मिससाहेब ते प्रकरण चुलीत घालायला निघाल्या. "घडलं नाही," त्या म्हणाल्या, "ठेवून काय करू?"

मी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. खाली बसले, प्रकरण त्यांच्याकडून मराठीत सांगून घेतलं आणि यादी केली. एकंदर अकरा गोष्टी. सात घडलेल्या. चार घडायच्या: बापाने ऐकणं, गप्प बसणं, रडणं, 'शीक' म्हणणं. मी म्हटलं, "चारच राहिल्या. तो येत नाही तर आपण जाऊ. 'बाप आला' खोडून 'आम्ही गेलो' लिहा."

"घडवून आणलेलं खरं असतं का, बाई?"

"लग्नं घडवून आणतात ना. ती खोटी असतात?"

हे त्यांना पटलं की त्या अविवाहित असल्यामुळे त्यांना उत्तर सुचलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि 'बाप आला' वर एक रेघ मारली. एकच, सरळ, खालचं सगळं वाचता येईल अशी. मी माझ्या पेटीतलं रबर पुढे केलं.

"नको," त्या म्हणाल्या. "पुसलं म्हणजे लपवलं. मी आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे."

या रबराबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला आहे.

अक्कलकुव्यापर्यंत गाडी. गाडीवान शहाद्याचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मुसलमान घरातला, आमच्या बोर्डिंगाच्या सगळ्या खेपा करणारा. त्याला मी निघायची वेळ दिली की तो एकच उत्तर देई: "बाई, बैल मन्हा शेतस, घाई तुमनी शे." अक्कलकुव्याला बैल ओळखीच्या घरी सोडून तो वळकटी आणि पेटी घेऊन आमच्याबरोबर डोंगर चढला. मिससाहेबांची जाळीची टोपी करवंदीच्या काट्यांत दोनदा अडकली. मुलगी सर्वांत पुढे, आणि जसजसा पाडा जवळ येईल तसतशी हळू.

पाड्यात घरं एकमेकांपासून लांब, ज्याचं घर त्याच्या शेतात. तिच्या बापाचं घर मोठं निघालं. कुडाच्या भिंती ताज्या सारवलेल्या, अंगणात ज्वारीची कणगी, बाजूला गोठा, त्यात दोन बैल आणि एक गाय. मिससाहेब एकदम थांबल्या. हळूच म्हणाल्या, "मी एक बैल लिहिला आहे. आणि म्हातारा."

"मुलीला विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं. ती आली तेव्हा एकच होता."

बाप उंच, सडपातळ, बोलण्यात मोजका. आम्हाला बाज टाकून दिली, पाणी दिलं. मोहाची दारूही विचारली, ती गाडीवानासह सगळ्यांनी नाकारली, गाडीवानाने थोडा विचार करून. बाप पावरीत बोले, मुलगी मराठीत सांगे. बाजाराला खाली येऊन जाऊन त्याला अहिराणीही समजत होती, कामापुरती बोलताही येत होती.

मुलीने चौथीचं पुस्तक काढलं आणि वाचलं. बापाने ऐकलं. पहिली खूण. मग तो लगेच बोलला, म्हणजे दुसरी गेली.

"विचारतात, यात काय आहे?" मुलगी म्हणाली.

"सांग, समुद्राचा धडा आहे."

"म्हणतात, समुद्र आपल्याला लागत नाही."

मिससाहेबांचा चेहरा पडला. पुढे त्यांनी जे केलं ते माझ्या यादीत नव्हतं. त्यांनी आपली हस्तलिखिताची वही मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, एक पुस्तक आहे, त्यात तू आहेस आणि ते स्वतः आहेत."

बाप पहिल्यांदा नीट बसला. "मी? चोपडीत?"

"हो."

"कुणी घातलं?"

"मी," मिससाहेब म्हणाल्या.

"काय करतो मी त्यात?"

मग शेवटचं प्रकरण झालं, इंग्रजीतून मराठीत मिससाहेबांकडून, मराठीतून पावरीत मुलीकडून. पडकं खोपट आलं, तेव्हा बापाने वर आढ्याकडे पाहिलं. एक म्हातारा बैल आला, तेव्हा त्याने गोठ्याकडे बोट केलं. मुलगी पुढे सांगायला अडखळली, तेव्हा त्याने तिला सांग म्हणून खूण केली. तिने सांगितलं.

"मी रडलो?" त्याने थेट मिससाहेबांना विचारलं, अहिराणीत. "कधळ रडनू मी?"

मिससाहेबांना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, "अजून नाही."

गाडीवान तोंडावर उपरणं धरून हसला. "मंग आते रडी दे ना भाऊ, मडमनं काम हुई जाई."

बाप हसला नाही. बराच बोलला. मुलगी सांगत गेली, खाली बघून. "म्हणतात, खाली बाजारात गेलो की सगळे आम्हाला बघून हसतात. लंगोटीवाला म्हणतात, भोळा म्हणतात. तेवढं तिथल्या तिथे राहतं. चोपडीत घातलं की ते तिकडच्या पोरांपर्यंत जाणार, मी मेलो तरी तिथे रडतच राहणार. म्हणतात, शाळेत हेच शिकवत असाल तर पोरगी इथेच बरी."

मी मिससाहेबांकडे पाहिलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. अमेरिकेतल्या पाच शेतकऱ्यांसमोर जपलेला त्यांचा खरेपणा एका पावऱ्यासमोर उघडा पडला होता, आणि तोही वानराच्या बाबतीत नव्हे. अशा वेळी भावना आवरायच्या आणि काम करायचं, हा माझा नियम. मी माझी वही उघडली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा. काय आहे ते मी लिहिते. मिससाहेब तेच घालतील."

त्याने सांगितलं. बैल दोन, नावासकट. गाय. घराचे खांब. कोंबड्या बारा. मी नऊ मोजल्या होत्या, पण तीन कुठेतरी चरायला गेल्या असतील असं धरलं. मिससाहेबांनी त्या 'त्यांच्या सांगण्याप्रमाणे' असं म्हणून घेतल्या.

मग त्याला शंका आली. मी काय लिहिलं हे त्याला कसं कळावं? त्याने मुलीला बाहेर पाठवलं, थेट बांधापर्यंत. ती तिथे पोचल्याचं पाहून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन अहिराणीत दोन वाक्यं बोलला. मी लिहिली. मग त्याने हाक मारली. मुलगी आली, वही घेतली, वाचून पाहिलं आणि बापाकडे बघून पावरीत बोलली. अर्थ असा: कोंबड्या बारा. मी रडलो नाही.

बाप तिच्याकडे पाहत राहिला. मग वहीकडे. पुन्हा तिच्याकडे. त्याने वही हातात घेतली, उलटी धरली, मुलीने न बोलता सरळ करून दिली. बराच वेळ तो गप्प बसला. मी घड्याळ पाहिलं नाही, पण चुलीवर तेवढ्यात तीन भाकऱ्या झाल्या. वही त्याच्या हातात होती, म्हणून मी पदराखाली बोटानेच खूण केली.

नंतर तो उठून गोठ्यात गेला, बैलांना चारा घालायला. चारा होता गव्हाणीत, मी पाहिला होता. परत आला तेव्हा त्याने मुलीला एकच शब्द सांगितला. तिने तोंड ओंजळीत घातलं, म्हणून बाजारात पावरी कानावर पडलेल्या गाडीवानाने आम्हाला सांगितलं: "शीक, म्हणस."

पण बाप खालच्या कुठल्याही व्यापाऱ्याइतका पक्का. करार त्याने स्वतः घातला, दोन कलमांचा. चोपडी छापून आली की आम्ही इथे येऊन ती त्याला पूर्ण वाचून दाखवायची, त्याच्या भाषेत. आणि त्यात तो रडत असला, तर मुलगी असेल तिथून घरी. धाकटीकडे बोट करून म्हणाला, "हीसुद्धा पाठवीन. तिलाही हेच."

गाडीवान म्हणाला, "मडम, कसम खाऊत का सगळा?"

"नको," मिससाहेब म्हणाल्या. "हो म्हटलं की झालं."

आम्ही तिघांनी हो म्हटलं. ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ जेवलो. मिससाहेबांनी बाजेवर बसूनच खोपट, म्हातारा बैल आणि रडणं यांच्यावर एकेक सरळ रेघ मारली आणि वर नवीन मजकूर लिहिला. मी रबराचं नाव काढलं नाही. एका प्रकरणात एका बाईला दोनदा रबर दाखवणं बरं नव्हे.

उतरताना गाडीवान माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, तो गोठामा रडी ऱ्हायना व्हता."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाठ देखी."

"पाठ रडत नाही," मी म्हटलं. "बाहेर बोलू नका."

मिससाहेबांनी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी लिहिलं नाही. मी वहीत नोंदलं नाही. यादीत तिसऱ्या क्रमांकापुढे 'रद्द' असं आहे.

साक्षीदारांचा कागद आम्ही अक्कलकुव्याला केला. वरील सर्व घडले आहे. खाली माझी सही, तिच्याखाली गाडीवानाची उर्दूत. हस्तलिखित बोटीला गेलं. मुलगी फायनल पास झाली, पुढे ट्रेनिंगला गेली. पुढच्या वर्षी मिससाहेबांना तापाने फार पछाडलं आणि त्या मायदेशी गेल्या; पेटी भरायची यादी मीच केली होती, सगळ्या खुणा आहेत.

पुस्तक १९३७ साली टपालाने आलं. चांगला कागद, निळी बांधणी. गाडीवानाची सही उलटी छापली आहे. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, तरी चार दिवसांत वाचलं. बैल दोन. गाय आहे. कोंबड्या बारा. खोपट गेलं. मग शेवटून दुसऱ्या पानावर बाप रडतो. शेजारी पूर्ण पानाचं चित्र: डोक्याला मोठा फेटा, गालांवर थेंब, काढणाऱ्याने ते मोजता येतील असे काढलेत. सहा आहेत. मागे एक उंट.

मिससाहेबांचं पत्र पुस्तकातच होतं. त्यांनी समितीला विचारलं होतं. समितीचं उत्तर साधं आणि सरळ होतं: आमच्या भगिनी खोटं कधी लिहीत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. म्हणजे जे त्यांनी खोडलं तेही खरंच असणार. त्या भल्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून त्यांनी ते खोडलं असेल. बैलाचं आणि घराचं खोडलेलं मुलांना उपयोगी नव्हतं, ते सोडलं. अश्रू उपयोगी होते, ते परत घेतले. उंटाबद्दल खुलासा नव्हता.

पत्राच्या शेवटी मिससाहेबांनी लिहिलं होतं: तुम्ही जा. त्यांना सगळं वाचून दाखवा, ते पानसुद्धा. चूक माझी, मी नीट खोडलं नाही, असं सांगा.

मी वहीत क्रमांक घातला. त्या वेळी थोरली ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बापाने शब्द पाळला असता आणि तिला मधूनच नेलं असतं. तिचं होऊ दे, मग जाऊ, असं मी ठरवलं. तिचं झालं. ती डोंगराच्या पायथ्याला शाळेत लागली, आता तिला कुणी परत नेऊ शकत नव्हतं. तेवढ्यात बाप धाकटीला घेऊन आला. स्वतः, पायी, तिचा हात धरून, मी न बोलावता. मुलीला माझ्या हवाली केलं आणि विचारलं, "चोपडी आली?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाचून दाखवायची राहिली आहे."

वाक्य खरं आहे. पंचवीस वर्षं खरं बोलणाऱ्या बाईच्या हाताखाली काम केलं की माणूस काय काय शिकतो. दर वर्षी तो येतो, एकदा सोडायला आणि एकदा न्यायला, आणि तेच विचारतो, आणि मी तेच सांगते. गेल्या वर्षी तो म्हणाला, "तुमची वाचायची चाल फार हळू."

मध्ये लढाई आली, बोटी बंद झाल्या. मिससाहेब वारल्याचं पत्र चार महिन्यांनी पोचलं. त्यात मला लिहिलेला मजकूर नव्हता. असायचं कारणही नव्हतं. त्यांनी सांगायचं ते आधीच सांगितलं होतं.

थोरलीला मी सगळं दाखवलं. तिने ते पान वाचलं, चित्र पाहिलं आणि म्हणाली, "मी दाखवीन वाचून. मधलं वाक्य सोडून देईन."

"पूर्ण वाचायचं ठरलं होतं. हो म्हटलं होतं."

"मग चित्र चिकटवून टाका, बाई. खळ आहे ना?"

खळ आहे. त्यानंतर दोनदा कालवली आणि दोनदा वाळून गेली. चिकटवलं म्हणजे लपवलं, हे सांगायला आता मिससाहेब लागत नाहीत. पहिल्या पानावर सर्व घडले आहे म्हणून माझी सही आहे, आणि कधीकधी वाटतं, गोठ्यात घडलंही असेल. म्हणजे समिती बरोबर, आम्ही दोघी चूक, आणि त्याला जाऊन सांगायचं काय? की बाबा, तुम्ही रडलात, आमच्याकडे साक्षीदार आहे, त्याने पाठ पाहिली?

धाकटी आता चौदाची, सहावीत. थोरलीसारखी हुशार नाही, तिच्याहून बडबडी. यंदा इंग्रजी अक्षरं लावायला लागली आहे. परवा साबण काढायला तिला माझ्या कपाटाकडे पाठवलं. साबण घेऊन आली ती पुस्तकही घेऊन.

"बाई, हा उंटवाला कोण? का रडतो?"

"आहे एक माणूस. ठेव ते."

"फेटा काढला तर आमच्या बाबासारखा दिसतो," ती म्हणाली. "पण बाबा रडत नाही." आणि खाली काय लिहिलंय ते बोटाने एकेक अक्षर लावत वाचायला बसली. मी पुस्तक घेतलं, तिला भाजी निवडायला लावलं. तीन अक्षरं झाली होती तिची. होळीला ती घरी जाणार. आधी कुणी न सांगता, तिच्या तोंडून हे त्याला कळलं, तर तो तिला परत पाठवणार नाही, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता यायचं नाही.

होळीला एकोणीस दिवस आहेत. गाडीवान म्हातारा झाला, पण परवा मी निरोप धाडला तर त्याचं उत्तर तेच आलं, बैल त्याचे आणि घाई माझी. थोरलीला शनिवार-रविवार मोकळा आहे. यादी केली आहे: अक्कलकुव्याला उतरायचं घर, वळकटी, कापूर, मिससाहेबांचं पत्र, चष्मा, पुस्तक, धाकटीचं प्रगतिपुस्तक, आईसाठी लुगडं. आठांपुढे खुणा झाल्या.

९. मोलगीच्या अलीकडच्या पाड्यात जाऊन त्याला पूर्ण वाचून दाखवणे, ते पानसुद्धा.